अणुभाराचा गोंधळ मिटवणारे गुरुजी : स्तानिस्लाओ कान्निझारो

नववीच्या वर्गात अणू आणि रेणू हा धडा सुरू झाला की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. पुस्तकात एका ठिकाणी अणुवस्तुमान असते, दुसरीकडे वस्तुमानांक, तिसरीकडे रेणुवस्तुमान, आणि शिकवणीच्या वहीत सममूल्यभार. हे सगळे एकच आहे की वेगवेगळे? घरी विचारावे तर आई-बाबा त्यांच्या वेळचा अणुभार हा शब्द सांगतात. आपल्या हैदराबादेत तर आणखी एक गंमत आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले ते उर्दू माध्यम घेऊन. त्यामुळे ज्या मराठी घरांत जुन्या पिढीचे शिक्षण उर्दूतून झाले, तिथे याच गोष्टींना तिसरीच नावे होती. तीन पिढ्या, तीन भाषा आणि अर्धा डझन शब्द! मुलांचा गोंधळ उडाला तर नवल नाही.

पण मित्रांनो, या गोंधळात तुम्ही एकटे नाही. एकेकाळी युरोपातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ याच गोंधळात पन्नास वर्षे अडकून पडले होते. पाण्याचे सूत्र काय, यावरसुद्धा त्यांचे एकमत नव्हते. तो गुंता सोडवला एका शिक्षकाने. त्यांचे नाव स्तानिस्लाओ कान्निझारो. या अंकात आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ, आणि ती करून घेताना हे सगळे शब्दही एकदा नीट लावून ठेवू.

आधी वजन आणि वस्तुमान

कान्निझारोंकडे वळण्यापूर्वी एक पायरी पक्की करू या. वस्तुमान म्हणजे एखाद्या वस्तूत किती द्रव्य आहे ते. ते किलोग्रॅममध्ये मोजतात. वजन म्हणजे त्या वस्तूला पृथ्वी किती जोराने ओढते ते. ते बल आहे, म्हणून त्याचे एकक न्यूटन. पाच किलो तांदळाच्या पिशवीचे वस्तुमान ५ किलोग्रॅम, आणि तिचे वजन सुमारे ४९ न्यूटन. तीच पिशवी चंद्रावर नेली तर तांदूळ तेवढाच राहील, भातही तेवढाच होईल, पण वजन एक षष्ठांश होईल. पृथ्वीवरही ते सगळीकडे सारखे नसते. विषुववृत्तापेक्षा ध्रुवाजवळ ते साधारण अर्ध्या टक्क्याने जास्त भरते.

बेगम बाजारातल्या दुकानात दोन पारड्यांची तागडी असते. ती एका पारड्यातल्या मालाची दुसऱ्या पारड्यातल्या मापाशी तुलना करते. दोन्ही पारड्यांना पृथ्वी सारखीच ओढते, म्हणून तागडीने होते ती वस्तुमानाची तुलना. ताणकाट्याला माल अडकवला तर स्प्रिंग ताणली जाते. ते वजन. हा फरक लक्षात ठेवा, कारण रसायनशास्त्रातल्या भार या शब्दाचे कोडे याच तागडीने पुढे सुटणार आहे.

बंडखोर विद्यार्थी

स्तानिस्लाओ कान्निझारो यांचा जन्म १३ जुलै १८२६ रोजी इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात झाला. मोठे कुटुंब होते. वडील सरकारी सेवेत वरच्या अधिकारावर, पुढे पोलीस खात्याचे प्रमुख झालेले. मुलाने १८४१ साली पालेर्मोच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातले. शरीरातील क्रिया समजून घेता घेता त्यांच्या लक्षात आले की रसायनशास्त्र कळल्याशिवाय हे काही उलगडायचे नाही. १८४५ साली नेपल्स येथे शास्त्रज्ञांचा मेळावा भरला, तिथे त्यांच्या ओळखी झाल्या, आणि तिथून ते पिसा येथे राफाएले पिरिया या नामवंत रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. प्रयोग कसा करावा, निरीक्षण कसे लिहावे, हे सारे ते पिरियांकडे शिकले.

त्या वेळी इटली हा एक देश नव्हता. लहानमोठ्या राज्यांत तो वाटला गेला होता. सिसिलीवर नेपल्सच्या राजाची सत्ता होती आणि लोक तिला कंटाळले होते. १८४७ च्या सुट्टीत कान्निझारो घरी आले आणि जानेवारी १८४८ मध्ये पालेर्मोत उठाव झाला. एकवीस वर्षांचा हा विद्यार्थी त्यात उतरला. तो तोफखान्याचा अधिकारी झाला, सिसिलीच्या नव्या लोकसभेत प्रतिनिधी म्हणून निवडूनही आला. वडील राजाच्या पोलीस खात्यातले आणि मुलगा राजाविरुद्धच्या बंडात! पण बंड टिकले नाही. राजाच्या फौजांनी सिसिली परत घेतले आणि १८४९ मध्ये कान्निझारोंना जहाजाने फ्रान्सला पळून जावे लागले.

मार्सेलिसला उतरल्यावर त्यांच्याजवळ ना घर होते, ना नोकरी. तरी ते थांबले नाहीत. वाटेतले कारखाने पाहात ते पॅरिसला पोहोचले आणि शेव्रल यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करायला जागा मिळाली. तिथे क्लोएझ या सहकाऱ्याबरोबर १८५१ साली त्यांनी सायनामाइड हे संयुग तयार केले. ज्या हातांनी दोन वर्षांपूर्वी तोफा सांभाळल्या, तेच हात पुन्हा परीक्षानळीकडे वळले.

प्रयोगशाळा नसलेले प्राध्यापक

१८५१ च्या अखेरीस त्यांना उत्तर इटलीतील आलेस्सांद्रिया या गावी शिक्षकाची जागा मिळाली. विषय तीन : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि यंत्रशास्त्र. गाव लहान, साधने तुटपुंजी. पण त्यांनी तिथे एक छोटी प्रयोगशाळा उभी केली आणि १८५३ मध्ये तिच्यातच एक महत्त्वाची अभिक्रिया शोधली. कडू बदामाच्या तेलातील बेंझाल्डिहाइडवर पोटॅशची क्रिया केली की त्याच्या एका भागाचे अल्कोहोल होते आणि दुसऱ्या भागाचे आम्ल. आज बारावीच्या पुस्तकात ही अभिक्रिया कान्निझारोंच्याच नावाने शिकवली जाते.

१८५५ साली ते जेनोआच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. पद मोठे, पण तिथे गेल्यावर धड प्रयोगशाळाच नव्हती! साधनांची सोय होईपर्यंत त्यांच्यासमोर होते ते फक्त विद्यार्थी आणि फळा. आणि फळ्यावर काय लिहावे हाच तर प्रश्न होता.

एक शब्द, चार मापे

तो प्रश्न नीट समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. इंग्लंडचे जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितले की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक भाराचे असतात. एका अणूला तागडीत घालून जोखणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी सर्वांत हलक्या हायड्रोजनचा भार १ धरला आणि इतरांचे भार त्याच्या पटीत काढले. कल्पना उत्तम होती. पण अडचण पाहा. प्रयोगाने एवढेच कळते की पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे सुमारे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असेल, तर ऑक्सिजनचा भार ८ येतो. हायड्रोजनचे दोन अणू असतील, तर तोच भार १६ येतो. किती अणू आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. डाल्टन यांनी सोपेपणासाठी एकास एक धरले.

उत्तर खरे तर १८११ सालीच मिळाले होते. इटलीचे आमेदेओ अव्होगाद्रो यांनी सुचवले की एकाच तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या सर्व वायूंमध्ये रेणूंची संख्या सारखी असते. शिवाय हायड्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या वायूंचा रेणू दोन अणूंचा असू शकतो. पण त्या काळच्या बहुतेक विद्वानांना एकाच प्रकारचे दोन अणू एकमेकांना चिकटतील हे पटेना. अव्होगाद्रोंचा विचार बाजूला पडला. १८५६ मध्ये ते वारले, तेव्हाही त्यांच्या सूचनेचे मोल फार थोड्यांना कळले होते.

मग काय झाले? काही जणांनी अणूचा नाद सोडून फक्त संयोगाचे प्रमाण मोजायचे ठरवले आणि त्याला सममूल्यभार म्हटले. त्यांच्या लेखी ऑक्सिजन ८, कार्बन ६. स्वीडनचे बर्झेलियस वेगळ्या रीतीने अणुभार काढीत. फ्रान्समध्ये आणखी निराळी पद्धत चाले. अणू आणि रेणू हे शब्दसुद्धा एकमेकांच्या जागी वापरले जात. गोंधळ किती वाढला होता याचा एक नमुना सांगतो. जर्मनीचे केकुले यांनी आपल्या ग्रंथात ॲसेटिक आम्लाची, म्हणजे ज्याने व्हिनेगार आंबट लागते त्या आम्लाची, त्या काळी प्रचलित असलेली एकोणीस वेगवेगळी सूत्रे नोंदवून ठेवली आहेत.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे चटकन कळेल. दशमान पद्धत येण्यापूर्वी शेर हा शब्द सगळीकडे होता, पण शेराचे माप गावोगावी बदलत असे. शब्द तोच, माल कमी-जास्त. १९५६ चा वजने आणि मापे यांचा कायदा आला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम लागू झाला, तेव्हा हा घोळ मिटला. रसायनशास्त्राच्या बाजारात १८५८ पर्यंत असेच शंभर शेर चालत होते.

वर्गात सापडलेली वाट

जेनोआत कान्निझारोंना रोज विद्यार्थ्यांसमोर उभे राहावे लागे. एका विद्वानाचे आकडे सांगावे तर दुसऱ्याच्या सूत्राशी जुळत नाहीत. शेवटी त्यांनी ठरवले की विद्यार्थ्याला इतिहासाच्या वाटेनेच न्यायचे. आधी वायूंचे नियम, मग अव्होगाद्रोंचा विचार, आणि त्यावरून एकेक भार स्वतः काढायचा. मुलांना हे कळते आहे असे दिसल्यावर त्यांनी आपल्या धड्यांची ही रूपरेषा पिसा येथील प्राध्यापक दे लुका यांना पत्राच्या रूपाने लिहून पाठवली. तारीख होती १२ मार्च १८५८. ती त्याच वर्षी इटलीतल्या एका शास्त्रीय नियतकालिकात छापली गेली. शाळेच्या टाचणासारखे हे लिखाण रसायनशास्त्राला नवी दिशा देणारे ठरले.

त्यांची रीत इतकी सरळ आहे की आपणही ती करून पाहू शकतो.

पहिली पायरी. सारख्या आकाराच्या दोन पोत्यांत मोजून सारखेच नग भरले आहेत असे समजा. पोत्यांच्या भारांचे जे प्रमाण, तेच एका नगाच्या भाराचे प्रमाण. एकही नग बाहेर काढून जोखायची गरज नाही. सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये सारखेच रेणू असतात, म्हणून वायूंची घनता मोजली की रेणूंच्या भारांचे प्रमाण कळते.

दुसरी पायरी. एक भांडे हायड्रोजन आणि एक भांडे क्लोरीन यांचा संयोग झाला की दोन भांडी हायड्रोजन क्लोराइड वायू मिळतो. रेणू दुप्पट झाले आणि प्रत्येकात थोडा हायड्रोजन आहे. म्हणजे हायड्रोजनच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे झालेच पाहिजेत. त्या अर्ध्या रेणूला १ मानू. मग हायड्रोजनचा रेणुभार २. याच मापाने पाण्याचा रेणुभार १८, अमोनियाचा १७.

तिसरी पायरी सर्वांत सुंदर आहे. कार्बन असलेले अनेक वायू घ्यायचे, त्यांचे रेणुभार काढायचे आणि पृथक्करण करून त्यात कार्बन किती ते पाहायचे.

कार्बन मोनॉक्साइड : रेणुभार २८, त्यात कार्बन १२
कार्बन डायऑक्साइड : रेणुभार ४४, त्यात कार्बन १२
मिथेन : रेणुभार १६, त्यात कार्बन १२
एथिलीन : रेणुभार २८, त्यात कार्बन २४
ईथर : रेणुभार ७४, त्यात कार्बन ४८

पाहिलेत? कार्बन येतो तो १२, २४, ४८ असाच. कुठेही ६ किंवा १८ येत नाही. नारळ विकणारा अर्धा नारळ देत नाही, तसेच हे आहे. म्हणून कार्बनचा अणुभार १२. पाण्यासह ऑक्सिजनची संयुगे घेऊन हेच केले की १६ मिळतात, आणि पाण्याचे सूत्र आपोआप एच-टू-ओ ठरते.

सगळी मूलद्रव्ये वायुरूप संयुगे देत नाहीत. तिथे कान्निझारोंनी दुसरा पुरावा जोडला. द्युलाँ आणि पेती यांनी १८१९ मध्ये दाखवले होते की घन मूलद्रव्यांचा अणुभार आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार जवळपास सारखाच येतो. त्यावरून धातूंचे भार तपासता आले. पारा, फॉस्फरस यांची वाफ मोजताना आधीच्या संशोधकांना विचित्र आकडे मिळाले होते आणि म्हणून त्यांनी अव्होगाद्रोंवरचा विश्वास सोडला होता. कान्निझारो म्हणाले की नियम चुकलेला नाही. पाऱ्याचा रेणू एकाच अणूचा आहे आणि फॉस्फरसचा चार अणूंचा. प्रत्येक रेणूत दोनच अणू असले पाहिजेत असे कोणी ठरवले?

कार्ल्सरूची परिषद

सूत्रांचा गोंधळ मिटवण्यासाठी केकुले, व्युर्ट्स आणि वेल्ट्सिन यांनी जर्मनीतील कार्ल्सरू येथे ३ ते ५ सप्टेंबर १८६० या काळात परिषद बोलावली. रसायनशास्त्रज्ञांची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. सुमारे १४० जण आले. अणू म्हणजे काय, रेणू म्हणजे काय, सममूल्यभार म्हणजे काय, याच शब्दांवर चर्चा झाली. कान्निझारोंनी तिसऱ्या दिवशी अव्होगाद्रोंची बाजू कळकळीने मांडली. पण शास्त्राचे प्रश्न मतदानाने सुटत नाहीत, असेच बहुतेकांचे मत पडले. ठोस निर्णय न होताच परिषद संपली.

तेव्हा एक छोटी गोष्ट घडली. कान्निझारोंचे मित्र आंजेलो पाव्हेसी यांनी १८५८ च्या त्या लिखाणाच्या पुस्तिका निघता निघता लोकांच्या हाती दिल्या. जर्मनीचे लोथर मेयर यांनी ती परतीच्या वाटेवर वाचली, घरी जाऊन पुन्हा वाचली, आणि त्यांच्या मनातल्या शंका दूर झाल्या. १८६४ साली त्यांनी याच पायावर आपला ग्रंथ लिहिला. परिषदेला रशियाहून आलेले सव्वीस वर्षांचे दिमित्री मेंडेलीव्हही होते. कान्निझारोंचे भाषण त्यांच्या मनावर ठसले. १८६९ साली त्यांनी मूलद्रव्ये अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडली आणि आवर्तसारणी जन्माला आली. विचार करा, कार्बन ६ की १२, ऑक्सिजन ८ की १६, हेच ठरले नसते तर ती सारणी मांडणार कशी? आपल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर जो तक्ता टांगलेला दिसतो, त्याच्यामागे जेनोआच्या त्या वर्गातला फळा आहे.

परत मायभूमीला

१८६० साली गॅरिबाल्डी यांनी सिसिली मुक्त केले. बारा वर्षांपूर्वी ज्या स्वप्नासाठी कान्निझारो लढले होते, ते पुरे झाले. १८६१ मध्ये ते पालेर्मोच्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले. तिथेही प्रयोगशाळा उभारण्यापासून सुरुवात. त्यांच्या प्रयत्नांनी पालेर्मो हे रसायनशास्त्राचे केंद्र बनले आणि परदेशांतले तरुण तिथे काम करायला आले. १८७१ मध्ये इटलीची राजधानी रोम झाली, तेव्हा त्यांना तिथे बोलावले गेले. व्हिया पानिस्पेर्ना या रस्त्यावरच्या एका जुन्या मठाच्या वास्तूत त्यांनी रसायनशास्त्राची संस्था थाटली. याच रस्त्यावर १९३० नंतरच्या वर्षांत एन्रिको फर्मी यांनी अणुकेंद्रावरचे आपले प्रसिद्ध प्रयोग केले. कान्निझारोंना संसदेत सेनेटर म्हणून नेमले गेले, १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. पण शिकवणे त्यांनी अगदी म्हातारपणापर्यंत सोडले नाही. १० मे १९१० रोजी रोम येथे वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हैदराबादपर्यंतचा धागा

हे सारे कुठे दूर युरोपात झाले असे मानू नका. कार्ल्सरूच्या परिषदेला एडिंबराचे तरुण क्रम ब्राऊनही गेले होते. १८६९ पासून ते एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८७० च्या दशकात याच विद्यापीठातून अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी विज्ञानातली डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे ते आपल्या हैदराबादला आले. निजाम कॉलेजच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे अघोरनाथ. सरोजिनी नायडू यांचे वडील. म्हणजे नवे अणुभार मान्य झालेले रसायनशास्त्र शिकून आलेला माणूस त्या काळीच आपल्या शहरात शिकवत होता. पुढे १९४४ मध्ये हैदराबाद संस्थानाने सुरू केलेली मध्यवर्ती प्रयोगशाळा आज तार्नाक्याची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

लक्षात ठेवण्यासाठी

आता आपल्या शब्दांची यादी लावू.

वस्तुमान : द्रव्याचे प्रमाण. एकक किलोग्रॅम. कुठेही नेले तरी बदलत नाही.

वजन : वस्तूवरचे गुरुत्वाकर्षणाचे बल. एकक न्यूटन. जागेनुसार बदलते.

अणुवस्तुमान : एका अणूचे वस्तुमान. हे फारच लहान असते, म्हणून कार्बन-१२ या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग हे एकक धरतात. हे एकक १९६१ पासून रसायनशास्त्रात वापरात आहे. त्याआधी ऑक्सिजन १६ हे प्रमाण होते, आणि त्यातही रसायनशास्त्रज्ञांचे व भौतिकशास्त्रज्ञांचे माप थोडे वेगळे होते.

अणुभार, म्हणजेच सापेक्ष अणुवस्तुमान : मूलद्रव्याच्या अणूंचे सरासरी वस्तुमान त्या एककाच्या किती पट आहे ते. ही नुसती संख्या आहे, तिला एकक नाही. मग तिला भार का म्हणतात? कारण जुने शास्त्रज्ञ तागडीने तुलना करीत. दोन वस्तूंच्या वजनांचे एकाच जागी जे प्रमाण, तेच त्यांच्या वस्तुमानांचे. म्हणून हैदराबादेत काढा की चंद्रावर, ऑक्सिजनचा अणुभार १६ च येणार. शब्द जुना राहिला, अर्थ मात्र वस्तुमानाचा.

वस्तुमानांक : अणुकेंद्रातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची मोजून केलेली बेरीज. ही नेहमी पूर्ण संख्या. क्लोरीनचे अणू ३५ आणि ३७ अशा दोन वस्तुमानांकांचे असतात, आणि निसर्गात पहिले सुमारे तीन चतुर्थांश असतात. म्हणून क्लोरीनचा अणुभार ३५.५ च्या जवळ येतो. पण ३५.५ वस्तुमानांकाचा एकही अणू सापडणार नाही.

रेणुवस्तुमान : रेणूतील सर्व अणूंच्या वस्तुमानांची बेरीज. पाण्याचे १८. मिठासारख्या पदार्थात सुटे रेणू नसतात, म्हणून तिथे सूत्रवस्तुमान म्हणावे. मिठाचे ५८.५.

मोल आणि मोलर वस्तुमान : मोल ही डझनासारखी मोजणी आहे, फक्त फार मोठी. १९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे मूलभूत एकक ठरले. २० मे २०१९ पासून एका मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण धरतात. एक मोल पाण्याचे वस्तुमान १८ ग्रॅम. आई-बाबांच्या पुस्तकातला ग्रॅम-रेणुभार तो हाच. म्हणून १८ म्हणजे रेणुभार, १८ ग्रॅम म्हणजे एक मोल, हे वेगवेगळे लिहायला शिका. एकक विसरले की अर्थ बदलतो आणि गुणही जातात.

सममूल्यभार : १ भाग हायड्रोजनशी किंवा ८ भाग ऑक्सिजनशी संयोग पावणारे, अथवा त्यांची जागा घेणारे प्रमाण. ऑक्सिजनचा अणुभार १६, संयुजा २, म्हणून सममूल्यभार ८. एकेकाळी सगळ्या जगाला चकवणारे १६ आणि ८ हे दोन आकडे कुठून आले, ते आता तुम्हाला सांगता येईल.

पालकांना आमची विनंती आहे की मुलाने तुमच्या वेळच्या शब्दापेक्षा वेगळा शब्द वापरला तर तो चुकला असे लगेच म्हणू नका. त्याला त्याचा अर्थ विचारा आणि एकक विचारा. अर्थ बरोबर असेल तर अणुभार म्हणा की अणुवस्तुमान, हरकत नाही. विश्वस्त मंडळींनी कान्निझारोंच्या चरित्रातली एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. आलेस्सांद्रिया असो, पालेर्मो असो की रोम, नव्या जागी गेल्यावर या माणसाने आधी प्रयोगशाळा उभारली. शाळेच्या प्रयोगशाळेतली एक चांगली तागडी हा खर्च कधी वाया जात नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वर्गात शंका आली तर ती विचारायला लाजू नका. कान्निझारोंनी जे लिहिले ते मोठे नाव मिळवण्यासाठी लिहिले नव्हते. समोर बसलेल्या मुलांना धडा कळावा, एवढाच त्यांचा हेतू होता. मुलांना नीट कळावे म्हणून एका शिक्षकाने घेतलेल्या कष्टांतून साऱ्या जगाचा गोंधळ मिटला. तेव्हा एखादा शब्द कळला नाही की हात वर करा. प्रश्न लहान वाटला तरी विचारा.